अर्नाळ्याहून डहाणूस : शिडाच्या नौकेचा एक दिवस

आमच्या जव्हार-मोखाड्याकडील विद्यार्थ्यांची समुद्राशीं पहिली ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच होते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे, हें वाक्य येथील मुलें बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु ती समुद्रसपाटी स्वतः दिवसांतून दोन वेळां वर चढते व दोन वेळां खालीं उतरते, हें त्यांतील थोड्यांसच ठाऊक असतें. वास्तविक डहाणूचा किनारा जव्हारपासून सरळ रेषेंत मोजल्यास पन्नास-पंचावन्न किलोमीटरांहून अधिक दूर नाहीं. मधले डोंगर व घाट यांमुळें तो दूर वाटतो इतकेंच.

तथापि समुद्राचा व आमचा संबंध फार जवळचा आहे. आमच्या नाचणी-वरईच्या शेतांवर पडणारा पाऊस समुद्रावरून येतो. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी वैतरणा मोखाडा तालुक्यांतून दऱ्या कापीत जाते व अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्रास मिळते. पिंजाळ व सूर्या ह्या नद्याही शेवटीं वैतरणेसच मिळतात. शिवाय भाताची कापणी-झोडणी आटोपली म्हणजे दिवाळीनंतर येथील कित्येक कुटुंबें कामासाठीं किनाऱ्याकडे उतरतात, आणि आमच्या जिल्ह्यांतील कांहीं तरुण मच्छिमारी बोटींवर खलाशी म्हणूनही जातात. ज्या पाण्यावर आपल्या घरचें माणूस पोटासाठीं जातें, त्या पाण्याचा स्वभाव आपणांस माहीत असावा हें योग्यच होय. म्हणून यंदाच्या अंकांत एक लहानशी शिडाची नौका अर्नाळ्याहून डहाणूस एका दिवसांत कशी जाते, तें समजावून सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

हें अंतर सुमारें तीस सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हां तीस सागरी मैल म्हणजे पंचावन्न किलोमीटर झाले. विरारहून डहाणूस आगगाडी दीड तासाच्या आंत पोंचते. शिडाच्या नौकेस मात्र पहांटेपासून तिसऱ्या प्रहरापर्यंतचा वेळ लागतो. इतका वेळ कां लागतो, आणि तो वेळ नौकेवरील माणसें कशी वापरतात, हें कळलें म्हणजे या प्रवासांतील सारें मर्म कळलें.

नौकेची रचना

आपली नौका आठ-नऊ मीटर लांबीची, तीन-चार माणसांस पुरेशी आहे असें समजूं. तिच्या मध्यभागीं उंच डोलकाठी असते. डोलकाठीच्या मागें एक मोठें तिकोनी शीड व पुढें नाळेकडे दुसरें लहान तिकोनी शीड, अशीं दोन शिडें असतात. मागील बाजूस सुकाणूं असतें. पोटांत निजण्यापुरती जागा, पिण्याचें पाणी, शिधा, नांगर, होकायंत्र, समुद्राचा नकाशा, बिनतारी संदेशयंत्र आणि प्रत्येक माणसासाठीं अंगांत घालण्याचें जीवरक्षक जाकीट असतें. बंदरांत शिरण्यापुरतें एक लहान डिझेल यंत्रही असतें. परंतु प्रवास करावयाचा तो शिडांवरच.

पाण्याखालीं न दिसणारा असा या नौकेचा एक महत्त्वाचा भाग आहे, तो म्हणजे तिचा खोल कणा. शिसें किंवा ओतीव लोखंड यांचा तो जड कणा दोन कामें करितो. बुडाशीं जड असलेली बाहुली कितीही कलंडविली तरी पुन्हां उभी राहते, त्याप्रमाणें वाऱ्यानें कललेल्या नौकेस तो पुन्हां सरळ करितो. दुसरें काम असें कीं तो नौकेस आडवें सरकूं देत नाहीं.

या दुसऱ्या कामामुळेंच शिडाची नौका वाऱ्याच्या उलट दिशेकडेही जाऊं शकते. पुष्कळांस वाटतें कीं, वारा मागून आला तरच शीड उपयोगी. तसें नाहीं. ओला चिंचोका अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून दाबला तर तो पुढें सटकतो. दाब दोन बाजूंनीं असतो, पण चिंचोका तिसरीकडेच जातो. नौकेचें कांहींसें असेंच आहे. एका बाजूनें वारा शिडास दाबतो, दुसऱ्या बाजूनें पाणी कण्यास अडवितें, आणि नौका पुढें सरकते. अर्थात् वाऱ्याच्या अगदीं तोंडावर ती जाऊं शकत नाहीं. सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवावा लागतो. मग समोरूनच वारा असल्यास काय करावें ? घाटाचा रस्ता डोंगर सरळ चढत नाहीं. डावीकडे, उजवीकडे वळणें घेत चढतो. नौकाही कांहीं वेळ वाऱ्याच्या एका बाजूस व कांहीं वेळ दुसऱ्या बाजूस तिरपी जात वळणें घेते. अंतर वाढतें, वेळ लागतो. पण माथा गांठतां येतो.

आपल्या कोळी बांधवांच्या जुन्या मचव्यांस तिरप्या आडकाठीवर चढविलेलें मोठें शीड असे, आणि त्यांच्या जोरावर मुंबई, सुरत व कोंकणपट्टीचा व्यापार शतकानुशतकें चालला. आतां बहुतेक मच्छिमारी बोटी यंत्रावर चालतात. तरीही वारा व पाणी यांचे नियम बदललेले नाहींत. बंद पडलेल्या यंत्राच्या बोटीस ते नियम तात्काळ आठवतात.

दोन वारे

हिवाळ्यांत आमच्या किनाऱ्यावर दिवसांतून दोन निरनिराळे वारे वाहतात. चुलीवर रिकामा तवा व पाण्यानें भरलेलें पातेलें एकाच वेळीं ठेवा. तवा लवकर तापतो, पाणी उशिरा तापतें. आणि खालीं उतरविल्यावर तवा लवकर निवतो, पाणी पुष्कळ वेळ ऊन राहतें. जमीन ही तव्यासारखी व समुद्र हा पातेल्यासारखा आहे. दिवसा जमीन तापली म्हणजे तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा आंत येते. हा खारा वारा. रात्रीं जमीन समुद्राहून थंड होते, आणि तेव्हां जमिनीवरील जड हवा समुद्राकडे वाहूं लागते. हा मतलई वारा. डोंगरउतारांवरून रात्रीं खालीं उतरणारी गार हवा या मतलई वाऱ्यास साह्य करिते. पौष महिन्यांत पहांटे आमच्या दऱ्याखोऱ्यांतून जी बोचरी हवा खालीं वाहते, तिचेंच भावंड किनाऱ्यावर त्या वेळीं नौकेचें शीड भरीत असतें.

पहांटेचा मतलई वारा साधारणपणें पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. उन्हें वर आलीं कीं तो मंदावतो. मग एक-दोन तास शुकशुकाट असतो. दुपारीं खारा वारा सुरू होतो. तो आमच्या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतो व तिसऱ्या प्रहरीं सर्वांत जोरदार असतो. डहाणू ही अर्नाळ्याच्या जवळजवळ थेट उत्तरेस असल्यामुळें दुपारचा हा वारा आपणांस अर्धवट समोरूनच लागणार, हें निघण्यापूर्वींच ध्यानांत घेतलें पाहिजे.

भरती, ओहोटी व तिथि

वाऱ्याप्रमाणेंच पाणीही स्थिर नसतें. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणानें समुद्र सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतरानें चढतो व उतरतो. म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षां पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र-सूर्यांचें आकर्षण एका रेषेंत येतें व पाणी फार चढतें, फार उतरतें. यास उधाण म्हणतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास तें एकमेकांस काटकोनांत असतें व चढउतार थोडा होतो. यास भांग म्हणतात. मुंबईस मोठ्या उधाणांत हा फरक सुमारें पांच मीटर असतो. उत्तरेकडे जावें तसतसा तो वाढतो, आणि खंबायतच्या आखातांत भावनगराकडे तो दहा मीटरांच्या घरांत जातो. आपल्या शाळेचें छप्पर झांकून जाईल इतकें पाणी तेथें सहा तासांत चढतें व सहा तासांत उतरतें.

पंचांग पाहून भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती अशी : तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजतां. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजतां. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, रीत एकच. निघणारी वेळ दुपारची धरली तर दुसरी भरती त्यापूर्वीं बारा-साडेबारा तास, म्हणजे मध्यरात्रीनंतरची होय. ही रीत मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास ठोकळमानानें लागू पडते; उत्तरेकडे भरती थोडी उशिरा येते. नेमक्या वेळेसाठीं भरती-ओहोटीचीं छापील कोष्टकें असतात व जाणता नाविक तींही पाहतो. पण घरांतील पंचांग व पाऊणकीचा पाढा यांच्या बळावर मोखाड्यांत बसलेल्या मुलासही या क्षणीं अर्नाळ्यास पाणी चढत आहे कीं उतरत आहे, तें सांगतां येईल.

येथें आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. भरतीचें पाणी केवळ उंच चढत नाहीं. आमच्या किनाऱ्यालगत तें उत्तरेकडे वाहत जातें, आणि ओहोटीचें पाणी दक्षिणेकडे परततें. तेव्हां उत्तरेस जाणाऱ्या नौकेस भरती ही चालती वाट आहे व ओहोटी हा चढ आहे.

दिवसाची निवड

आतां गणित मांडूं. पौष महिन्यांतील पंचमी घेतली. पांच पाऊण पावणेचार. म्हणून दुपारीं पावणेचार वाजतां पूर्ण भरती, आणि त्यापूर्वींची भरती पहांटे सव्वातीनच्या सुमारास. यांच्या मधोमध, म्हणजे सकाळीं साडेनऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी.

ही पंचमी आपल्या प्रवासास फार सोयीची आहे. सकाळीं पावणेसात वाजतां उजाडतांना निघालें तर उतरतें पाणीच नौकेस वैतरणेच्या मुखांतून बाहेर नेईल व मतलई वारा शिडांत असेल. साडेनऊपासून पावणेचारपर्यंत भरती उत्तरेकडे वाहून नेईल. डहाणूच्या खाडीशीं पोंचेपर्यंत पाणी जवळजवळ पूर्ण चढलेलें असेल, म्हणून तेथील उथळ मुखांत शिरण्यास अडचण नाहीं. शिवाय सूर्य मावळण्यास तेव्हां सुमारें दोन तास अवकाश राहील; वाटेंत कांहीं अडलें तर तेवढी शिल्लक हाताशीं असेल. पंचमीस ना मोठें उधाण ना भांग, त्यामुळें प्रवाह उपयोगी पडण्याइतका असतो, पण अंगावर येण्याइतका नसतो.

हेंच अष्टमीस निघालें तर काय होईल ? सकाळीं सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर बारा वाजेपर्यंत ओहोटी समोर. डहाणूस पोंचावें तों पाणी अर्धेंच चढलेलें. नौका तीच, माणसें तींच, वारा तोच. केवळ तीन दिवसांच्या फरकानें सोपा प्रवास अवघड झाला असता. म्हणून नाविकाचें अर्धें काम नांगर उचलण्यापूर्वींच झालेलें असतें.

प्रवास

अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशीं एका लहान बेटावर उभा आहे. मराठ्यांनीं तो १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला. पलीकडे उत्तर तीरावर दातिवरें. या मुखाशीं वाळूचे दांडे आहेत व ते दरसाल थोडेबहुत जागा बदलतात. ही वाळू व हा गाळ कोठून येतो ? नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतून, म्हणजे पुष्कळ अंशीं आमच्याच डोंगरांवरून. उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्या मोठ्या पावसांत ओढ्यास मिळते, ओढ्यांतून नदीस व नदींतून खाडीस. मध्य वैतरणेसारख्या धरणांत तिचा कांहीं भाग अडतो, राहिलेला पुढें जातो. तेव्हां बांधबंदिस्ती करून व झाडें राखून माती अडविणारा मोखाड्याचा शेतकरी स्वतःचें शेत तर वांचवितोच, पण खालीं खाडींतून जाणाऱ्या अनोळखी नाविकाची वाटही थोडी मोकळी ठेवितो.

मुखाबाहेर पडतांच एक निराळें संकट असतें. या किनाऱ्यावर समुद्राच्या तळांत उंच खुंट रोवून त्यांस डोल जाळीं बांधतात. प्रवाहाबरोबर येणारी मासळी त्या जाळ्यांत शिरते. दिवसा हे खुंट व तरंगत्या खुणा दिसतात. रात्रीं लहान नौकेनें त्यांत शिरणें धोक्याचें. म्हणून उजाडल्याशिवाय नांगर उचलीत नाहींत, आणि एक माणूस सतत नाळेवर उभा राहून पुढें पाहतो.

आतां डहाणू उत्तरेस असली तरी आपली नौका थेट उत्तरेस जात नाहीं. ती वायव्येकडे, किनाऱ्यापासून दूर जाते. नवख्या माणसास यांत वेळेचा अपव्यय दिसेल. पण मतलई वारा ईशान्येचा असल्यामुळें वायव्येकडे जातांना तो बाजूनें लागतो, आणि बाजूच्या वाऱ्यावर नौका चांगली धांवते. दुसरें असें कीं, दुपारीं वायव्येचा वारा सुरू झाला म्हणजे किनाऱ्यालगत असलेली नौका कोंडीत सांपडेल. खोल समुद्रांत असलेल्या नौकेस मात्र त्याच वाऱ्यावर तिरपें होऊन उत्तरेकडे व थोडें किनाऱ्याकडे येतां येईल. सकाळीं बाहेर जावें, दुपारीं आंत यावें, ही किनारी तांडेलांची जुनी चाल आहे. दुपारची तजवीज सकाळींच करावी लागते.

दहा वाजण्याच्या सुमारास आपण किनाऱ्यापासून चार-पांच मैलांवर, केळव्याच्या समोर येतों. आतां वारा पडतो. शिडें लोंबतात, समुद्र कांचेसारखा दिसतो. ही घटका मनाची परीक्षा पाहणारी असते. पण नौका उभी आहे असें वाटत असतांना किनाऱ्याकडे पाहिलें तर झाडें हळूहळू मागें सरकत असतात. साडेनऊस भरती सुरू झाली आहे व तीच नौकेस उत्तरेकडे नेत आहे. ज्यानें तिथि पाहिली नाहीं तो या वेळीं ओहोटीबरोबर मागें मागें जात असतो.

आपण कोठें आहों हें कसें कळतें ? हल्लीं उपग्रहांच्या साह्यानें जागा दाखविणारें यंत्र असतें, आणि तें फार उपयोगी आहे. परंतु यंत्राची वीज संपते, खारें पाणी त्यांत शिरतें. म्हणून डोळ्यांनीं खुणा जुळविण्याची विद्या सोडूं नये. किनाऱ्यावरील एक खूण व तिच्या मागचा एक डोंगर एका रेषेंत आला कीं त्या रेषेवर आपण आहों हें निश्चित झालें. अशीच दुसरी रेषा मिळाली कीं दोन रेषा जेथें छेदतात तेथें नौका. भूमितीच्या तासाचा याहून उघड उपयोग आम्हांस दुसरा माहीत नाहीं. या वाटेवर खुणांस तोटा नाहीं. केळवें व माहीम येथील जुने कोट, शिरगांवचा किल्ला, पालघरच्या मागें चौकोनी माथ्याचा काळदुर्ग, पलीकडे अशेरी, आणि उत्तरेकडे महालक्ष्मीचा सुळका. चैत्रांतील यात्रेस आमच्याकडील जी कुटुंबें महालक्ष्मीस जातात, त्यांच्या परिचयाचा तो सुळका समुद्रावरील माणसासही वाट दाखवितो, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

बाराच्या सुमारास सातपाटी बाजूस येते. पापलेटासाठीं प्रसिद्ध असलेलें हें मोठें मच्छिमारी गांव. थोड्याच वेळांत वायव्येकडे पाण्याचा रंग गडद होऊं लागतो. तो खारा वारा येत असल्याचा संदेश होय. शिडें भरतात, नौका कलते व वेग घेते. दोन वाजतां तारापूर समोर येतें. भारतांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र १९६९ सालीं येथेंच सुरू झालें. त्याच्या इमारती दुरून उत्तम खूण म्हणून उपयोगी पडतात. जवळ मात्र जाऊं नये.

वारा वाढत चालला कीं शीड कमी करावें लागतें. मोठें शीड खालून गुंडाळून त्याचें क्षेत्रफळ घटवितात. हें काम वारा असह्य झाल्यावर करूं म्हणणारा फसतो. कारण तेव्हां नौका इतकी कललेली असते कीं हात मोकळे राहत नाहींत. शीड कमी करण्याचा विचार मनांत आला कीं त्याच क्षणीं तें करावें. याशिवाय दुपारीं भरतीचा प्रवाह उत्तरेस व वारा त्याच्या विरुद्ध, असें समोरासमोर आल्यामुळें लाटा आंखूड व उभ्या होतात. अंगावर पाणी उडतें, पोट ढवळतें. यांत भिण्यासारखें नसतें, पण जीवरक्षक जाकीट अंगांत व कमरेचा दोर नौकेस बांधलेला असावा.

चिंचणी, वरोर, वाढवण येथें किनाऱ्यापुढें खडकाळ पट्टे आहेत व भरतींत ते पाण्याखालीं झांकले जातात. म्हणून दूर राहावें. वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली आहे. येथील मच्छिमारांनीं आपल्या जाळ्यांच्या जागा जातील म्हणून त्यास दीर्घकाळ विरोध केला, हेंही विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. येथून डहाणूच्या औष्णिक विद्युत्केंद्राची सुमारें पावणेतीनशें मीटर उंचीची चिमणी स्पष्ट दिसते. तिच्या दिशेनें तिरपें आंत येत चार-सव्वाचारच्या सुमारास नौका डहाणूच्या खाडीशीं पोंचते. शिडें उतरवितात, लहान यंत्र सुरू करितात, खोली मोजीत मोजीत आंत शिरतात व नांगर टाकतात. पाणी नुकतेंच उतरूं लागलेलें असतें.

केव्हां निघूं नये

हें सर्व वर्णन हिवाळ्याचें आहे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस किनाऱ्यावर आदळतो, मतलई वारा नाहींसा होतो आणि लहान नौकेस किनारा हाच शत्रु होतो. आमच्या राज्यांत १ जूनपासून यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते, व नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावर कोळी बांधव पुन्हां समुद्रावर जाण्यास सज्ज होतात. वर्षाच्या इतर काळींही हवामानखात्याची सूचना मिळाल्याखेरीज निघूं नये. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते नांवाचें चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गुजरातकडे गेलें. त्या दिवशीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत पी-३०५ ही निवासी तराफानौका बुडून तीवरील साठांहून अधिक माणसें मरण पावलीं. ती आपल्या नौकेहून किती तरी मोठी होती. मोठेपणावर समुद्र कोणासही सवलत देत नाहीं.

ज्यांनीं समुद्र जिंकला असें आपण म्हणतों, तीं माणसें याच नियमांनीं वागलीं. नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून म्हादेई नांवाच्या शिडाच्या नौकेंतून एकटे निघाले व मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परत आले. असें करणारे ते पहिले भारतीय होत. सुमारें सतरा मीटर लांबीची ती नौका गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली होती. वाटेंत ते चार ठिकाणीं थांबले. पुढें अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या अवधींत कोठेंही न थांबतां तीच प्रदक्षिणा केली. आणि २०१७-१८ मध्यें नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीं तारिणी या नौकेंतून पृथ्वी प्रदक्षिली. त्या महिन्यांच्या प्रवासांतही दर दिवशीं वारा पाहणें, शीड वेळेवर कमी करणें, जागा निश्चित करणें व पुढच्या प्रहराची तजवीज करणें हेंच होतें. अर्नाळा ते डहाणू या एका दिवसांत जें शिकावें लागतें, तेंच तेथें शेंकडों दिवस आचरावें लागलें.

विद्यार्थ्यांस व पालकांस

आमचे बहुतेक विद्यार्थी नाविक होणार नाहींत. पण आमच्यांतील कांहीं जण हंगामी मजुरीसाठीं किनाऱ्यावर जातील, कांहीं बोटींवरही चढतील. डोंगरांतील मुलगा ओढ्यांत पोहतो. तेवढ्यावर भरतीच्या खाडींत उतरणें त्यास घातक होऊं शकतें, कारण ओढा एकाच दिशेस वाहतो आणि खाडी दोन्ही दिशांस वाहते. पालकांनीं आपल्या मुलास बोटीवर पाठविण्यापूर्वीं मालकास दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्या : प्रत्येक खलाशास जीवरक्षक जाकीट आहे काय, आणि बिनतारी यंत्र चालू आहे काय ? मजुरीचा दर विचारतांना जेवढा संकोच वाटत नाहीं, तेवढाच तो येथेंही वाटूं नये. सहलीस केळव्यास किंवा डहाणूस नेलेल्या मुलांसही पाण्यांत उतरण्यापूर्वीं भरती आहे कीं ओहोटी हें विचारण्याची संवय लावावी.

विद्यार्थ्यांसाठीं एक अभ्यास देऊन हा लेख संपवितों. आज घरीं जाऊन पंचांगांत तिथि पाहावी, तिची पाऊणपट करून आजची भरती किती वाजतां हें वहींत लिहावें, आणि असें पंधरा दिवस करावें. नंतर किनाऱ्यावर राहणाऱ्या एखाद्या नातलगास दूरध्वनीवरून विचारून आपला आंकडा किती मिनिटांनीं चुकतो तें पाहावें. ज्याची वही नीट भरलेली असेल, त्यानें ती पुढील सत्रांत भूगोलाच्या तासास आणावी.